न वाजता हाक मारणारा फोन

व्याख्यानाच्या सुरुवातीला एक विनंती करायची पद्धत असते : कृपया आपापले मोबाइल सायलेंटवर ठेवा. ती विनंती आम्हीही करतो. पण सोबत एक प्रश्न विचारतो. फोन सायलेंटवर टाकलात, आता घरून तातडीचा निरोप आला तर तो तुम्हाला कळणार कसा? आजचा विषय एवढाच आहे. आवाज न करता फोन माणसाला कसकसं बोलावू शकतो, आणि ते बोलावणं कुठे पोहोचतं, कुठे वाया जातं.

आम्ही दोघे भागीदारीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याआधी आमच्यातला एक जण याच औद्योगिक पट्ट्यात एका प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर होता. कंपनीचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. सेकंड शिफ्ट होती. फोन व्हायब्रेटवर, पँटच्या खिशात. संध्याकाळी सहाच्या सुमाराला घरी वडील न्हाणीघरात पडले. आईने फोन लावला. पुन्हा लावला. साडेआठला चहाच्या सुटीत फोन बाहेर काढला तेव्हा चौदा मिस्ड कॉल दिसले. आईने गेटवरही फोन केला होता, तो निरोप आत आलाच नाही. शेजाऱ्यांनी रिक्षा करून वडिलांना दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. वडील पुढे बरे झाले. पण आईचे ते अडीच तास कोणी भरून देऊ शकत नाही.

त्यानंतर पहिली शंका फोनवर आली. व्हायब्रेटर गेला असेल म्हणून फोन उघडून बघितला. व्हायब्रेटर ठणठणीत होता. म्हणजे फोनने चौदा वेळा आपलं काम चोख केलं होतं. हाक मारली गेली होती, पण ती अंगापर्यंत आलीच नव्हती. ही गोष्ट आमच्या डोक्यात बसली, आणि तेव्हापासून आम्ही या विषयाच्या मागे आहोत.

आधी ही थरथर येते कुठून ते बघू. जुना फोन उघडला की कोपऱ्यात एक इवलीशी मोटर दिसते, औषधाच्या कॅप्सूलएवढी. तिच्या दांड्यावर धातूचा एक तुकडा बसवलेला असतो, पण तो मुद्दाम एका बाजूला जड ठेवलेला. मोटर फिरली की तो तुकडा सगळ्या फोनला आपल्याबरोबर ओढतो. धुण्याच्या मशीनमध्ये कपडे एका बाजूला गोळा झाले की मशीन कशी नाचते? तेच इथे हेतुपुरस्सर केलेलं आहे. अशी मोटर मिनिटाला साधारण दहा-बारा हजार फेरे घेते. बारा हजार भागिले साठ, म्हणजे सेकंदाला २०० हेलकावे. यालाच २०० हर्ट्झ म्हणायचं.

हा दोनशेचा आकडा आपल्या कातडीला चांगला मानवतो. तळहात, बोटं, तळपाय यांच्या कातडीखाली खोलवर कांद्यासारख्या पापुद्र्यांच्या बारीक गाठी असतात. एकोणिसाव्या शतकात फिलिप्पो पाचिनी नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना पाचिनीच्या गाठी म्हणू. कंपन ओळखणं हे त्यांचं काम, आणि त्या सर्वांत तीक्ष्ण असतात २५० हर्ट्झच्या आसपास. तिथे बोटाच्या टोकाला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान हालचाल कळते. तेव्हा फोनची मोटर आणि माणसाची कातडी एकाच पट्टीत बोलतात असं म्हणायला हरकत नाही.

मग प्रेस शॉपमध्ये काय झालं? तीन गोष्टी झाल्या. पहिली, फोन होता ढगळ पँटच्या खिशात. कापड थरथरलं, मांडीला जेमतेम स्पर्श झाला. त्यातून मांडीची कातडी बोटांइतकी तिखट नसते. दुसरी, पॉवर प्रेसचा प्रत्येक ठोका जमिनीतून पायात येतो. त्या धक्क्यांत फोनची थरथर बुडून गेली, जसं बँड वाजत असताना शेजारच्याचं बोलणं बुडतं. आणि तिसरी, कातडी सरावते. सकाळी हातात घातलेलं घड्याळ दुपारी जाणवत नाही, तसंच सतत चालू असलेल्या कंपनाचंही होतं. ज्यांनी तास-दोन तास ग्राइंडर चालवलाय त्यांना विचारा. मशीन बंद केल्यावरही बराच वेळ हात बधिर असतात. त्या हातांना फोनची हाक कुठली कळायला!

आणखी एक गोष्ट, जी घरात वडीलधारी माणसं असणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. वय वाढलं की कंपन कळण्याची ही ताकद कमी होते. मधुमेहात तर आणखी. मधुमेही माणसाच्या पायाच्या अंगठ्याला डॉक्टर एक दुपायी काटा वाजवून टेकवतात आणि विचारतात, थरथर जाणवते का? तो काटा १२८ हर्ट्झचा असतो. पायाच्या नसांची संवेदना किती शिल्लक आहे हे त्यावरून कळतं. तेव्हा आजोबा फोन उचलत नाहीत म्हणून चिडण्याआधी विचार करा, की ती थरथर त्यांना जाणवते तरी का.

नव्या फोनांत बहुधा फिरणारी मोटर नसते. एक वजन स्प्रिंगवर बसवलेलं असतं आणि विजेच्या जोरावर ते पुढे-मागे सरकतं. फिरणाऱ्या मोटरला वेग घ्यायला आणि थांबायला वेळ लागतो, हे वजन मात्र झटकन चालतं आणि झटकन थांबतं. त्यामुळे नुसती घरघर न करता टक, टक-टक, टक असे वेगवेगळे ठोके देता येतात. तबल्यावर नुसता हात फिरवणं आणि बोल वाजवणं यात फरक आहे, तसाच हा. आयफोनमध्ये २०११ पासून स्क्रीनवर बोटाने ठोके देऊन आपला स्वतःचा ताल बनवता येतो आणि तो एखाद्या नंबराला जोडता येतो. दुसऱ्या काही फोनांतही माणसागणिक वेगळी थरथर निवडता येते. ही सोय फार कमी लोक वापरतात. आईचा ताल वेगळा, बँकेच्या जाहिरातीचा वेगळा, एवढं केलं तरी खिशात हात न घालता निम्मं काम होतं.

आता कातडीकडून डोळ्याकडे येऊ. इथे जमलेल्यांपैकी चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असेल, एकेकाळी फोनच्या पाठीला लावायचे चमचमणारे स्टिकर मिळायचे. त्यांना वायर नाही, काही नाही. तरी फोन वाजायच्या क्षणभर आधी ते लुकलुकायला लागायचे. आणि टीव्हीजवळ फोन ठेवला असेल तर रिंग यायच्या आधी टीव्हीतून टिर्र-टिर्र-टिर्र असा आवाज यायचा. घरातली पोरं ओरडायची, फोन येणार! ही जादू कसली होती?

कॉल येतो तेव्हा मोबाइलचा मनोरा आधी फोनला पुकारतो, आणि फोनला मी इथे आहे असं उलट उत्तर द्यावं लागतं. रिंग त्यानंतर. जुन्या टू-जी फोनांत हे उत्तर सलग जात नसे, झटक्याझटक्याने जाई, सेकंदाला सुमारे २१७ झटके. आणि झटका जोरदार, दोन वॉटपर्यंतचा. स्टिकरमधली बारीक तारेची वेटोळी हवेतली तीच ऊर्जा पकडायची आणि त्यावर दिवा लागायचा. टीव्हीच्या स्पीकरला तेच झटके ऐकू यायचे. पुढे थ्री-जी, फोर-जी आलं, फोनची जास्तीत जास्त ताकद पाव वॉटच्या घरात आली, आणि स्टिकर मुके झाले. बनवणाऱ्यांच्या मनात नसताना मिळालेला हा एक मूक इशारा होता, आणि त्याला बॅटरीही लागत नव्हती.

आजच्या फोनात त्याची जागा घेतली आहे कॅमेऱ्याच्या दिव्याने. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाचा भाग असतो. तिथे कॉल किंवा मेसेज आल्यावर फ्लॅश चमकवायची सोय सापडते. ती मुळात कर्णबधिर माणसांसाठी केलेली आहे. फक्त एक ध्यानात ठेवा, तो दिवा फोनच्या पाठीला असतो. फोन पालथा ठेवला तरच तो दिसणार. आमच्याकडे लोक येतात, म्हणतात फ्लॅश चालू केला पण दिसत नाही. फोन उताणा ठेवलेला असतो आणि दिवा टेबलाला उजेड दाखवत असतो! काही नव्या अँड्रॉइड फोनांत सगळा स्क्रीनच चमकवायची सोयही आहे, तो फोन मात्र उताणा ठेवायचा.

दिव्याने बोलावणं आपल्या या पट्ट्यात नवं नाही. चाकणपासून पिंपरीपर्यंत गाड्यांच्या कारखान्यांत काम केलेल्यांना अँडन माहीत असेल. लाइनवर काही अडलं की दोरी ओढायची किंवा बटण दाबायचं, आणि वर दिवा लागतो. जपानी भाषेत अँडन म्हणजे कागदी कंदील. ऐकू येणार नाही इतक्या आवाजात माणसाला कसं बोलवायचं, हा प्रश्न कारखान्याने मशीनपुरता केव्हाच सोडवलेला आहे. आमचं म्हणणं असं की तोच विचार माणसाच्या घरच्या निरोपासाठीही व्हायला हवा.

जगात यावर काही विलक्षण प्रयोग झालेत. त्यांतले चार सांगतो.

अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये २००५ च्या सुमाराला स्टेफान मार्टी आणि ख्रिस श्मांट यांनी अंगठ्या बनवल्या. चार माणसं गप्पा मारत बसली आहेत, प्रत्येकाच्या बोटात एक अंगठी. त्यांतल्या एकाला फोन येतोय, तर फोन वाजत नाही. आधी सगळ्यांच्या अंगठ्या हलकेच थरथरतात. ज्याला वाटतं की आत्ता बोलणं तोडू नये, त्याने अंगठीला नुसता स्पर्श करायचा. कोणी नकार दिला ते कोणालाच कळत नाही. कोणी नकार दिला नाही तरच फोन वाजतो. म्हणजे फोन एकाचा असला तरी व्यत्यय सगळ्यांना होतो, तेव्हा विचारायचंही सगळ्यांना. त्याच मार्टी यांनी एक खेळण्यातली खारही केली होती. फोन आला की ती झोपेतून उठून हातवारे करायची.

दुसरा प्रयोग जर्मनीतल्या फाबियान हेमर्ट यांचा, २००९ च्या आसपासचा. त्यांचा नमुन्याचा फोन खिशात श्वास घेतो, त्याला नाडी असते. सगळं ठीक असेल तर नाडी संथ, काही कळवायचं असेल तर धडधड वाढते. फोन पुन्हापुन्हा बाहेर काढून बघायची गरजच पडू नये, हा त्यामागचा विचार.

तिसरा, नोकिया कंपनीचा पेटंटचा अर्ज. २०१२ मध्ये त्याची बातमी जगभर झाली. चुंबकाला दाद देणाऱ्या शाईने अंगावर गोंदवून घ्यायचं, आणि फोनने चुंबकीय क्षेत्र सोडलं की ते गोंदणच थरथरणार! कल्पना अचाट आहे, पण प्रेस शॉपवाल्याची नेमकी अडचण तिने ओळखली आहे. इशारा कापडावर न देता कातडीवर द्या.

चौथा, २०१३ चा जपानमधला सेंटी. फोनला खोचायचं एक बोंडूक. मेसेज आला की त्यातून वासाची फुंकर निघते. पण वास लगेच जात नाही, तो रेंगाळतो. दुसरा मेसेज आला हे तिसऱ्या मिनिटाला कसं ओळखणार? जो इशारा संपतच नाही, त्यातून नवी खबर मिळत नाही.

हे सगळं ऐकून वाटेल, की इशारे जितके जास्त तितकं बरं. तसं नाही. त्याचीही किंमत असते. फोन थरथरला असं वाटतं, हात खिशात जातो, आणि बघावं तर काही नाही. हा अनुभव इथे किती जणांना आहे? बघा, बरेच हात वर आहेत. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात ६८ टक्के लोकांनी हेच सांगितलं. हा आजार म्हणायचं कारण नाही. मेंदू सतत हाकेची वाट बघत असतो, त्यामुळे कापडाची सळसळही त्याला हाक वाटते. फोन दिवसभर फालतू कारणांनी थरथरत असेल तर मेंदू दोन्हीकडून फसतो. नसलेली हाक ऐकतो, आणि खरी हाक फालतू समजून सोडून देतो.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो, आणि तो दापोडीचा आहे. आपण नदीकाठचे लोक. पवना इथे येऊन मुळेला मिळते. वर पवना धरण, मुळेच्या वरच्या अंगाला मुळशी धरण. पावसाळ्यात विसर्ग वाढवला की पाणी कुठे येतं हे हॅरिस पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. २५ जुलै २०२४ ची पहाट आठवा. सिंहगड रस्त्याला एकतानगरीत लोकांना जाग आली तेव्हा पाणी इमारतींत शिरलेलं होतं. ती मुठा नदी, आपली मुळा आणि पवना. पण पाण्याला नावाशी काय करायचंय! वेळेवर कळलं नाही, ही तिथल्या रहिवाशांची तक्रार होती.

अशा वेळेसाठी आता सेल ब्रॉडकास्ट नावाची पद्धत आलेली आहे. २०२३ मध्ये तिच्या चाचण्या झाल्या, तेव्हा एकाच वेळी अनेकांच्या फोनवर मोठा आवाज आणि थरथर होऊन संदेश आला होता, आणि निम्मं गाव घाबरलं होतं. ही पद्धत साध्या मेसेजसारखी नाही. मेसेज एकेका नंबराला जातो. इथे मनोरा आपल्या टापूतल्या सगळ्या फोनांना एकदम ओरडून सांगतो, दवंडी पिटावी तसा. त्याला तुमचा नंबर लागत नाही, आणि लाइनवर गर्दी झाली म्हणून तो अडत नाही.

पण दवंडी पिटली तरी ऐकणारा जागा हवा. फोन बंद असेल किंवा झोपताना एअरप्लेन मोडवर टाकला असेल, तर त्याच्यापर्यंत काहीच पोहोचणार नाही. काही जण चाचणीच्या वेळी वैतागून सेटिंगमध्ये जाऊन हे इशारे बंदच करून बसलेत. आमच्या दुकानात आलेल्या फोनांत आम्ही हे स्वतः पाहिलंय. आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी रात्री आवाज नाही, डोळे मिटलेले म्हणून दिवाही नाही. राहते ती फक्त थरथर. फोन जर दूर टेबलावर असेल तर तीही नाही.

म्हणून चार साध्या गोष्टी सांगतो. एक, आज घरी गेल्यावर सेटिंगमध्ये इमर्जन्सी अलर्ट चालू आहेत का बघा, आणि त्यांची थरथरही चालू ठेवा. दोन, डू नॉट डिस्टर्ब लावत असाल तर घरच्या दोन-तीन नंबरांना त्यातून सूट द्या. त्यातच पुन्हापुन्हा फोन करणाऱ्याला आत सोडायची सोय असते. अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत आणि आयफोनवर तीन मिनिटांत दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजतो. हे घरच्यांनाही सांगून ठेवा, की तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा लावा. तीन, कंपन्यांच्या जाहिराती, खेळ, ग्रुप यांची थरथर बंद करा, म्हणजे उरलेल्या थरथरीला वजन येईल. चार, फोन कुठे ठेवता ते बघा. घडी घातलेल्या चादरीवर तो मुका होतो. रिकाम्या स्टीलच्या डब्यात ठेवलात तर तोच फोन सगळं घर उठवतो, कारण डबा तंबोऱ्याच्या भोपळ्याचं काम करतो.

प्रश्नोत्तरांच्या वेळेत आलेले दोन प्रश्न इथे देतो.

एका ताईंनी विचारलं, माझा धाकटा भाऊ कर्णबधिर आहे, रात्री एकटाच झोपतो. पुराचा इशारा त्याला कसा कळेल?

ताई, उशाखाली फोन ठेवू नका, चार्जिंगला लावलेला तर अजिबात नाही, तो तापतो. थरथरणारा मनगटी पट्टा किंवा स्मार्ट घड्याळ फोनला जोडलेलं असेल तर ते सर्वांत सोपं, कारण इशारा थेट कातडीवर येतो. पण पुराचा इशारा घड्याळावर येतोच असं धरून चालू नका, तुमचा कॉल त्यावर येतो का ते बघून ठेवा. पलंग हलवणारी छोटी यंत्रंही मिळतात, गादीखाली ठेवायची. पण यंत्राच्या भरवशावर एकट्याला सोडू नका. शेजारच्या एका घराशी बोलून ठेवा, की पाणी वाढलं तर त्याला हलवून उठवायचं. हलवून उठवणं हीसुद्धा थरथरच आहे, आणि तिची बॅटरी संपत नाही.

एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी विचारलं, आम्ही पत्र्याच्या ठोकाठोकीत आयुष्य काढलं, तेव्हा मोबाइल नव्हते. मग घरचे निरोप मिळायचेच ना?

काका, खरं आहे तुमचं. कोणीतरी चालत यायचं आणि खांद्यावर हात ठेवायचं. आमच्या भागीदाराच्या गोष्टीत कमी पडला तो हाच हात. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या कामासाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल आहे. तिथे कानात बोळे घालणं बरोबरच, आणि मशीनवर फोन हाताळू नये हेही बरोबर. मनगटावर काही बांधणं तर फिरत्या मशीनजवळ धोक्याचं. म्हणूनच गेटवर आलेला घरचा निरोप मशीनपर्यंत कोण नेणार, त्याचं नाव ठरलेलं असावं. हे काम कुठल्याही फोनवर सोपवता येत नाही. तुमच्या कंपनीत ते नाव ठरलंय का, हे उद्या कामावर गेल्यावर जरूर विचारा. आणि त्या माणसाचा नंबर घरच्यांना द्या.

आता फोनचा आवाज पुन्हा चालू करायला हरकत नाही.